मॉइश्चरायझरच्या डबीमागची बारीक अक्षरं: वाचायची कशी आणि मानायची किती?

अबोली
मंडळी, नाशकात थंडीने जोर धरलाय. अंग उलायला लागलंय, हातावर नखाने रेघ ओढली तर पांढरी उमटते. आमच्या घरात सध्या दोन मॉइश्चरायझर आहेत आणि त्यावरून रोज सकाळी तोंडाचा पट्टा सुरू होतो.

एक माझं. औषधाच्या दुकानातली पंपाची बाटली, ४०० मिली, ३४५ रुपये. दुसरं लेकीचं. काचेची बुटकी डबी, ५० ग्रॅम, १,२५० रुपये. मिली आणि ग्रॅम सारखेच धरले तर माझं ग्रॅमला ८६ पैसे, तिचं २५ रुपये.

काल चष्मा लावून, मोबाइलने फोटो मोठा करून दोन्हींच्या मागचं उतरवून काढलं.

माझी बाटली: पाणी, ग्लिसरीन, लाइट लिक्विड पॅराफिन, सिटोस्टिअरिल अल्कोहोल, पेट्रोलॅटम, डायमेथिकोन, ग्लिसरिल स्टिअरेट, फिनॉक्सीइथेनॉल, कार्बोमर, डायसोडियम ईडीटीए.

लेकीची डबी: पाणी, ग्लिसरीन, कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड, सिटिअरिल अल्कोहोल, डायमेथिकोन, नायसिनामाइड, फिनॉक्सीइथेनॉल, सिरामाइड एनपी, सोडियम हायलुरोनेट, झँथन गम, परफ्यूम, केशर अर्क, लिनालूल.

निम्मी नावं तर तीच! मग वरचे २४ रुपये कशाचे? लेक म्हणते, "आई, तू पेट्रोल फासतेस." सासूबाईंनी 'अल्कोहोल' वाचल्यापासून दोन्हींना हात लावलेला नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मठ्ठा_जिलबी
२४ रुपये काचेच्या डबीचे. संपल्यावर हिंग ठेवता येतो. तुमच्या बाटलीत काय ठेवणार?

चष्मिष
वाचतेय. मीही फोटो मोठा करूनच वाचते. ही अक्षरं एवढी बारीक छापायची कल्पना ज्याची त्याला चाळिशी लागो.

रसायनी
अबोली, यादी उतरवून दिलीस ते फार बरं केलंस, नाहीतर इथे लोक 'ती हिरवी बाटली' म्हणून सल्ला मागतात. मी प्रसाधनांच्या फॉर्म्युलेशनमध्येच नोकरी करते. (रसायनी गावाची नाही. दर धाग्यावर विचारतात.)

आधी क्रमाचं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, म्हणजे जास्त ते आधी. १ टक्का आणि त्याखालचे मात्र कुठल्याही क्रमाने लिहिले तरी चालतात. सगळी गंमत इथेच आहे. ही १ टक्क्याची रेघ छापलेली नसते, ती आपण अंदाजाने ओढायची.

त्यासाठी खूण म्हणजे फिनॉक्सीइथेनॉल. हे टिकाऊपणासाठी घालतात. युरोपात त्याची कमाल मर्यादाच १ टक्का आहे आणि बाकीचे उत्पादकही साधारण तिथेच थांबतात. तेव्हा ते नाव दिसलं की त्याच्या नंतरचं सगळं चिमूटभर आहे असं धरून चाला. कार्बोमर, झँथन गम, ईडीटीए हीसुद्धा चिमटीतलीच मंडळी. आता लेकीच्या डबीत सिरामाइड, हायलुरोनेट आणि केशर कुठे आहेत ते बघ.

अबोली
तिघंही रेघेच्या खाली! आणि डबीच्या पुढच्या बाजूला 'केशर' केवढ्या अक्षरात आहे म्हणून सांगू. चित्रसुद्धा आहे फुलाचं.

रसायनी
हो, पण यांनी केशर परफ्यूमच्याही मागे लिहिलंय. रेघेखाली क्रम मोकळा असतो, त्यामुळे बरेच जण केशर उचलून पुढे आणतात आणि फिनॉक्सीइथेनॉल मागे ढकलतात. यांनी ते केलेलं नाही. जाहिरात करणाऱ्या खात्यापेक्षा लेबल लिहिणारं खातं सरळ दिसतंय.

आता कामाचं. मॉइश्चरायझरमध्ये तीन तऱ्हेची कामं करणारे घटक असतात. पाणी खेचून धरणारे: ग्लिसरीन, युरिया, सॉर्बिटॉल, हायलुरोनेट. खरखरीत पापुद्र्यांच्या मधल्या फटी भरून हाताला मऊ लागणारे: ट्रायग्लिसराइड, स्क्वालेन, सिटाइल-सिटिअरिलवाले. आणि वरून झाकण घालून पाणी उडू न देणारे: पेट्रोलॅटम, पॅराफिन, लॅनोलिन, मेण, थोड्या प्रमाणात डायमेथिकोन. पुष्कळ घटक दोन कामं करतात, त्यामुळे ही वाटणी काटेकोर मानू नका.

तुझ्या बाटलीत तिन्ही आहेत आणि झाकण भक्कम आहे. लेकीच्या डबीत झाकण फक्त डायमेथिकोनचं, म्हणजे हलकं. तोंडाला, कॉलेजला जाताना, ते बरं वाटतं. पोटऱ्यांना नाशिकच्या डिसेंबरात पुरणार नाही.

सासूबाईंना सांग, सिटिअरिल अल्कोहोल (तुझ्या बाटलीवरचं सिटोस्टिअरिलही तेच) म्हणजे मेणासारखे पांढरे दाणे असतात. नावात अल्कोहोल आहे, अंगात नाही. त्वचा सुकवणारं ते 'अल्कोहोल डिनॅट' किंवा 'इथेनॉल'. ते यादीत वर असेल तर नाक मुरडा.

घाटावरचा
बायको जे लावते त्यातलं उरलेलं मी कोपराला पुसतो. घटक: आयते.

बंडूनाना
आमच्या लहानपणी ही यादी नव्हती आणि हे रोगही नव्हते. थंडीत खोबरेल थिजायचं, आई बाटली चुलीजवळ ठेवायची, पातळ झालं की आंघोळीआधी चोळायची. ओठ उलले तर तूप. हिवाळा संपला. तुमचं हे ट्रायग्लिसराइड वगैरे ऐकूनच माझी त्वचा कोरडी पडली.

रसायनी
नाना, कॅप्रिलिक/कॅप्रिक ट्रायग्लिसराइड बहुतेकदा तुमच्या खोबरेलातूनच काढतात हो! त्यातले ठराविक मध्यम लांबीच्या साखळीचे भाग वेगळे करायचे, म्हणजे थंडीतही थिजत नाही आणि चिकट लागत नाही. चुलीजवळ ठेवायचं काम कारखान्यात झालं, एवढंच.

तेलाला माझी ना नाही. पण तेल झाकण घालतं, पाणी आणत नाही. तुमच्या आईची खरी हुशारी अशी की तेलावर आंघोळ. त्वचा ओली होते आणि तेलाचा उरलेला थर ते पाणी आत अडवतो. कोरड्या अंगावर दुपारी नुसतं तेल चोपडून तो गुण येत नाही.

बंडूनाना
म्हणजे आई बरोबर होती. एवढंच म्हणायचं होतं. आता झोपतो.

वऱ्हाडी_ठेचा
नानाचं कोकणात-पुण्यात चालते राजेहो, आमच्या इकडं काय? नागपुरात मे महिन्यात हवा अशी कोरडी की धुतलेलं धोतर दहा मिनटात कडक. आमच्या वहिनीनं कुठंतरी वाचलं, नुसतं ग्लिसरीन तोंडाला लावा. लावलं. तोंड चिकट तर झालंच, वरून आणखी ओढल्यासारखं. काऊन असं? ग्लिसरीन तर यादीत सगळ्यायच्या वर असते ना?

रसायनी
ग्लिसरीन जिथून मिळेल तिथून पाणी ओढतं. हवा दमट असेल तर थोडं हवेतून. हवा तुमच्या मे महिन्यासारखी असेल तर त्वचेच्या आतल्या थरातून, आणि ते वर येऊन उडून जातं. म्हणून घट्ट, पाणी न घातलेलं ग्लिसरीन लावू नये, आणि क्रीममधल्या ग्लिसरीनबरोबर झाकण घालणारं काहीतरी हवंच. वहिनींनी गुलाबपाण्यात पातळ करून ओल्या तोंडाला लावावं आणि वर साधी क्रीम.

हायलुरोनेटचीही तीच गत. 'वजनाच्या हजारपट पाणी धरतं' हे वाक्य सगळ्या बाटल्यांवर असतं. पण ०.१ टक्का घातलेल्या वस्तूने हजारपट धरलं तरी किती धरणार? ग्लिसरीन ५-१० टक्के असतं, स्वस्त असतं, मुकाट्याने काम करतं, म्हणून त्याचं चित्र कुणी डबीवर छापत नाही.

चष्मिष
रसायनी, एका मुद्द्यावर असहमत. तुम्ही सगळे यादीवर जोर देताय, पण यादी सारखी असली म्हणून वस्तू सारखी होत नाही. रवा, साखर, तूप, पाणी हे चार घटक आमच्याकडेही असतात आणि आमच्या सासूबाईंकडेही. त्यांचा शिरा पानात सैल सुटतो आणि माझ्याने भिंत लिंपता येते. कुठल्या तापमानाला काय मिसळलं, थेंब किती बारीक केले, यादीत कुठे कळतं?

दुसरं, कॉलेजची पोर चिकट क्रीम लावतच नाही. बाटली उघडायची नाही ती नाहीच. तिने २५ रुपये ग्रॅमवाली रोज लावली आणि ८६ पैसेवाली कपाटात राहिली, तर स्वस्त कोणती पडली?

रसायनी
मान्य आहे, आणि माझी नोकरीच त्यावर चालते. यादीवरून प्रमाण कळत नाही, घटकाची प्रत कळत नाही, आणि लावल्यावर कसं वाटेल ते तर अजिबात कळत नाही. यादीवरून एवढंच कळतं की समोरचं वाक्य खोटं आहे का. तेही काही कमी नाही.

सेंद्रिय_सखी
इतके प्रतिसाद झाले, पण पेट्रोलॅटम हे कच्च्या तेलातून येतं यावर कुणीच बोललं नाही! अबोलीची लेक बरोबर बोलतेय. त्वचा ते शोषून घेते, रंध्रं बंद होतात. मी पूर्ण केमिकल-फ्री वापरते, क्रीम टिकावी म्हणून घालतात ते पॅराबेन तर घरात येऊ देत नाही.

मठ्ठा_जिलबी
केमिकल-फ्रीमध्ये पाणी पण नसतं का? मग कोरडंच असणार. (हलके घ्या.)

रसायनी
सखी, येतं ते कच्च्या तेलातूनच, यात लपवण्यासारखं काही नाही. पेनसिल्वेनियातल्या तेलविहिरींवर पंपाच्या दांड्यांवर मेणासारखा चिकटा जमायचा, तो तिथले कामगार भाजल्या-कापल्यावर लावायचे. रॉबर्ट चेझब्रो नावाच्या रसायनतज्ज्ञाने तो शुद्ध केला आणि १८७२ मध्ये व्हॅसलीन नावाने अमेरिकेत पेटंट घेतलं. प्रश्न शुद्धीकरणाचा असतो. नीट शुद्ध न केलेल्यात घातक संयुगं राहू शकतात, म्हणूनच युरोपात त्याच्या शुद्धीकरणाचा पूर्ण इतिहास द्यावा लागतो. औषधी दर्जाचं असेल तर काळजी नाही. आपल्याकडे औषधाच्या नळीवर 'व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आयपी' (आयपी म्हणजे इंडियन फार्माकोपिया, औषधांच्या दर्जाचं आपलं सरकारी पुस्तक) असं दिसतं, ते हेच.

आणि शोषलं जात नाही हाच तर त्याचा गुण! वरच बसतं. त्वचेतून उडून जाणारं पाणी अडवण्यात त्याच्या जवळपास जाणारं दुसरं काही नाही, ९८ टक्क्यांपर्यंत अडवल्याचे आकडे आहेत. खनिज तेल (म्हणजे लिक्विड पॅराफिन), सिलिकॉन (म्हणजे डायमेथिकोन), सगळे त्याच्या मागे.

सेंद्रिय_सखी
आणि पॅराबेन?

कातडीबचाऊ
यात मी पडतो. (आयडी पेशावरून आहे, स्वभावावरून नाही. त्वचारोगाची प्रॅक्टिस करतो.)

पॅराबेनबद्दल शंका घेतल्या गेल्या आणि त्यांची दखलही घेतली गेली. युरोपने २०१४ मध्ये आयसोप्रोपिल, आयसोब्यूटिल वगैरे पाच पॅराबेन बंद केले, प्रोपिल-ब्यूटिलची मर्यादा खाली आणली. मिथिल आणि इथिल ठरलेल्या मर्यादेत चालू आहेत. पण 'पॅराबेन-फ्री'ची लाट आली तेव्हा त्यांच्या जागी काय आलं? पुष्कळ ठिकाणी मिथिलआयसोथायाझोलिनोन. त्याने अ‍ॅलर्जीच्या रुग्णांची रांग लागली. अमेरिकेतल्या काँटॅक्ट डर्मटायटिसच्या संस्थेने २०१३ मध्ये त्याला 'वर्षातला अ‍ॅलर्जीकारक' ठरवलं, आणि युरोपात अंगावर राहणाऱ्या क्रीममधून ते २०१७ पासून हद्दपार झालं. त्याच अमेरिकन संस्थेने २०१९ मध्ये पॅराबेनला 'वर्षातला अ‍ॅलर्जी न करणारा' म्हणून निवडलं. तेव्हा काय काढलं यापेक्षा त्याच्या जागी काय घातलं ते वाचा.

माझ्याकडे क्रीमने पुरळ उठून येणाऱ्यांत सर्वाधिक संशय येतो तो वासाचा. 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' या एका शब्दात डझनावारी घटक मावतात. अबोलीताईंच्या मुलीच्या डबीत शेवटी लिनालूल लिहिलंय, तो त्यातलाच एक. बहुतेकांना काही होत नाही. पण ज्यांची त्वचा आधीच भेगाळलेली, खाजणारी आहे त्यांनी वास टाळावा. आणि 'नैसर्गिक' वासाने सूट मिळत नाही. लॅव्हेंडरच्या तेलातही लिनालूलच भरलेलं असतं.

सेंद्रिय_सखी
लॅव्हेंडर पण? अहो माझ्या उशीखाली असतं ते!

कातडीबचाऊ
उशीखाली राहू द्या. गालावर नको.

थेम्सकाठी
लंडनहून. माझ्या मुलाला दोन वर्षांचा असताना एक्झिमा झाला, तेव्हापासून आमचं घर पॅराफिनवरच चालतं. इथे जीपी (फॅमिली डॉक्टर) अर्धा-अर्धा किलोचे डबे लिहून देतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं दुकानदाराने चुकून घाऊक माल दिला. पण इथल्या मार्गदर्शक सूचनांत लहान मुलांना आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम लावा असंच आहे. आपण भारतात वाटाण्याएवढं घेऊन पूर्ण पायाला पुरवतो आणि मग क्रीमला नावं ठेवतो. त्या हिशेबाने ५० ग्रॅमची डबी म्हणजे आमचा एक दिवस.

दोन गोष्टी इथे शिकले. पूर्वी सर्रास 'अ‍ॅक्वियस क्रीम' द्यायचे. त्यात सोडियम लॉरिल सल्फेट असायचं, म्हणजे फेस आणणारं. अंगावर ठेवून दिलं की काही मुलांची आग व्हायची. २०१३ मध्ये इथल्या औषध नियामकाने तशी सूचनाच काढली. म्हणजे क्रीम 'साधी' आहे एवढ्यावर भागत नाही, आत पाणी आणि तेल एकत्र कशाने बांधलंय तेही बघायचं.

दुसरी जरा घाबरवणारी. क्रीम मुरलेले कपडे, चादरी चटकन पेट घेतात आणि धुऊनही ते पूर्ण निघत नाही. आधी फक्त पॅराफिनबद्दल इशारा होता, २०१८ पासून सगळ्याच इमोलियंटबद्दल, म्हणजे त्वचा मऊ ठेवणाऱ्या क्रीम-मलमांबद्दल, आहे. देवघरात निरांजनापाशी, गॅसपाशी जरा जपून. आमच्याकडे दिवाळीत मुलाला फुलबाजी सुती, ताज्या धुतलेल्या नव्या कपड्यातच मिळते.

चष्मिष
बापरे, हे माहीत नव्हतं. आईला आत्ताच फोन करते, ती रात्री पायाला चोपडून स्वयंपाकघरात दूध तापवायला जाते.

देवगडकर
हय मुठेलाचा नाव कोणी घेऊक नाय? (मुठेल म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल. बाकीचं मराठीत लिहितो, नाहीतर अ‍ॅडमिन येतील.)

आमसुलं करताना कोकमाच्या बिया उरतात. त्या धुऊन उन्हात खडखडीत वाळवायच्या, फोडून आतला गर काढायचा, कुटायचा आणि पाण्यात घालून उकळायचा. वर तेल तरंगतं ते पळीने काढून घ्यायचं. निवलं की थिजतं, मग मुठीत दाबून लांबट गोळे वळायचे. रंग मळकट पांढरा, वास जवळजवळ नाहीच. टाचांना भेगा पडल्या की आजी गोळ्याचं टोक दिव्याच्या ज्योतीवर धरायची आणि वितळलेला थेंब थेट भेगेत. असा चटका बसायचा की भेगेचं दुःख विसरायला व्हायचं. वर म्हणायची, "ओरडा नको, गप रव." चार रात्रीत टाच मऊ.

गेल्या वर्षी मुंबईत मॉलमध्ये फ्रेंच नावाच्या एका डबीवर 'गार्सिनिया इंडिका सीड बटर' वाचलं. १०० ग्रॅमचे ९०० रुपये. मी तिथेच हसलो, सेल्सगर्लने विचारलं सर काय झालं.

मठ्ठा_जिलबी
यादीत आजीचं नाव होतं का?

देवगडकर
असता तर एक टक्क्याच्या वर असता.

रसायनी
देवगडकर, कोकम बटर हे खरंच चांगलं आहे. स्टिअरिक आम्ल भरपूर, म्हणून नेहमीच्या हवेत घट्ट राहतं आणि अंगाच्या उबेने हळूहळू पाघळतं. झाकणाचं काम उत्तम. फक्त त्या डबीच्या यादीत गार्सिनिया कितव्या नंबरवर होतं ते बघायला हवं होतं.

निशिगंध
तेलातुपाचा विषय निघालाच आहे तर शतधौत घृत. मी घरी केलंय. तांब्याची परात, गाईचं तूप, गार पाणी. तूप परातीत घ्यायचं, थोडं पाणी घालायचं, तळहाताने किंवा तांब्याच्या लोटीच्या बुडाने गोल गोल घासायचं, पाणी ओतून टाकायचं, परत नवीन. असं शंभर वेळा. सुरुवातीला पाणी आणि तूप एकमेकांकडे बघतही नाहीत. मग हळूहळू तूप पाणी पिऊ लागतं, पिवळं जाऊन पांढरं होतं, फुगतं, तुपाचा रवाळपणा संपून लोण्याहून मऊ होतं. वासही बराच जातो. भाजल्यावर, आग होत असेल तिथे इतकं गार वाटतं की काय सांगू. हाताची मात्र वाट लागते, मदतीला नवरा घ्यावा.

चष्मिष
किती टिकतं? त्यात पाणी शिरलंय आणि टिकवणारं काही नाही. मला तर बुरशीची भीती वाटते.

निशिगंध
थोडंच करायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं, कोरड्या चमच्याने काढायचं. वास बदलला की फेकायचं. महिनोन्महिने बाथरूममध्ये ठेवायची वस्तू नाही ती.

कातडीबचाऊ
चष्मिष यांची शंका रास्त आहे. ज्यात पाणी आहे त्यात जंतू वाढतात, मग ते घरचं असो वा दुकानचं. आणि भाजल्यावर पहिलं काम नळाचं वाहतं पाणी, चांगलं २० मिनिटं. तूप, क्रीम, टूथपेस्ट लगेच काही नाही. भाजलेलं बरं झाल्यावर कोरड्या त्वचेला लावायला निशिगंधताईंचं घृत चालेल.

वऱ्हाडी_ठेचा
डॉक्टरसाहेब, ब्युटी पार्लरवाल्या पुडीत बांधून, लेबल नसलेल्या डबीत भरून क्रीम देतात, 'आमचं स्पेशल' म्हणून. आठ दिवसात तोंड उजळते. त्याच्यात काय असते?

कातडीबचाऊ
बरं झालं विचारलंत. या धाग्यावर यादी वाचायची चर्चा चालू आहे, पण ज्या डबीला यादीच नाही ती घ्यायचीच नाही. आठ दिवसांत तोंड उजळवणारी वस्तू मॉइश्चरायझर नसते. बहुतेकदा स्टेरॉइड असतं: बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, कधी जोडीला रंग फिका करणारं हायड्रोक्विनोन. सुरुवातीला तुकतुकीत दिसतं, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, केस येतात, मुरुमं उठतात आणि बंद केलं की आग भडकते. औषधाच्या दुकानातही चिठ्ठीशिवाय अशा नळ्या मागणारे रोज असतात.

दुसरा प्रकार पाऱ्याचा. तोंडाच्या क्रीममध्ये पारा दहा लाखात एक भागाहून जास्त चालत नाही, तोही चुकून आलेला. २०२३ च्या सुरुवातीला तुमच्या विदर्भातलीच, अकोल्याची बातमी होती. एकाच घरातल्या तिघींना मूत्रपिंडाचा विकार, आणि स्थानिक ब्युटीशियनकडून घेतलेली क्रीम मुंबईत केईएममध्ये तपासली तर त्यात पारा. वहिनींना सांगा, पुडी फेका.

वऱ्हाडी_ठेचा
वहिनी नाही, बहीण आहे. आज रात्रीच फेकतो. धन्यवाद साहेब.

घाटावरचा
मी कोपराला पुसतो ते बायकोला विचारून बघतो काय आहे ते.

अबोली
केवढा पसारा झाला! सगळं लेकीला वाचून दाखवलं. पेट्रोलचा विषय मिटला, 'झाकण' हा शब्द मात्र घरात रुळलाय. आता तिचा प्रतिप्रश्न: नायसिनामाइड रेघेच्या वर आहे, ते माझ्या बाटलीत नाही, मग तिच्या डबीत खरं असं काही आहे की नाही? आणि सिरामाइड चिमूटभर असलं तर बिनकामाचंच का?

रसायनी
लेक वकील होणार. नायसिनामाइड म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, त्याला चांगला आधार आहे: त्वचेचा वरचा थर बळकट करणं, डाग थोडे फिके करणं. अभ्यासांत साधारण २ ते ५ टक्के वापरतात. डबीवर आकडा छापलाय का बघ. नसेल तर फिनॉक्सीइथेनॉलच्या लगेच आधी आहे, म्हणजे १ टक्क्याच्या आसपासही असू शकेल. आणि महागही नाही ते. दोनशे-तीनशेच्या क्रीममध्येही मिळतं.

सिरामाइडचं मी सरसकट उडवून लावणार नाही. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींच्या मध्ये जी चरबी असते त्यातली जवळपास निम्मी सिरामाइडची, बाकी कोलेस्टेरॉल आणि फॅटी आम्लं. क्रीममध्ये ते कमीच घालतात. पण यादीत सिरामाइडबरोबर कोलेस्टेरॉल आणि फॅटी आम्लही दिसलं तर समजावं की कुणीतरी विचार करून घातलंय. हिच्या डबीत एकटंच एनपी आहे. माझा अंदाज, ते डबीच्या पुढच्या बाजूसाठी आहे.

मी असते तर डबी तोंडाला ठेवली असती, संपेपर्यंत. अंगाला तुझी बाटली. पुढच्या वेळी तोंडासाठी बिनवासाची, नायसिनामाइडचा आकडा लिहिलेली कुठलीही साधी क्रीम.

कातडीबचाऊ
+१. आणि लावायचं कसं ते: कोमट पाण्याची आंघोळ, पाच-दहा मिनिटं, कढत नको. साबण काखेत, जांघेत, पावलांना पुरे. टॉवेलने टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच तीन-चार मिनिटांत क्रीम. यात ८६ पैसेवाली २५ रुपयेवालीला हरवते. टाचांना मात्र युरिया असलेली घ्या, १० ते २० टक्के. फुटून रक्त येत असेल तर आधी ते भरू द्या, नाहीतर युरिया झोंबतो.

बंडूनाना
झोप लागली नाही. ओलसर अंगावर लावायचं म्हणजे तेच की हो, आई सांगायची ते!

रसायनी
नाना, हो.

चष्मिष
मुरुमं येणाऱ्यांसाठी एक भर. इंटरनेटवर घटकांना ० ते ५ असे 'रंध्रं बुजवण्याचे' गुण दिलेले तक्ते फिरतात. त्यातले पुष्कळसे गुण सशाच्या कानावरच्या जुन्या चाचण्यांतून आलेत. खोबरेल तिथे बरंच वर आहे आणि माझ्या कपाळावरही, त्यामुळे मी तोंडाला टाळते. पण तक्ता बघून अख्खी क्रीम बाद करू नका. आपल्याला सशासारखे कान नाहीत.

मठ्ठा_जिलबी
आमच्या साहेबांना आहेत. केबिनचं दार बंद असलं तरी ऐकू येतं.

अबोली
ठरलं तर. डबी तोंडाला, बाटली अंगाला. सासूबाई अजून तुपावरच आहेत, त्यांना कुणी हलवू शकत नाही. देवगडकर, तेवढं मुठेल कुठे मिळेल सांगा. नाशकात दोन दुकानांत विचारलं, त्यांनी मला आमसुलं दिली.

देवगडकर
कोकणी मेव्याच्या दुकानात 'कोकम तेल' म्हणून मागा, मुठेल म्हटलं की घाटावर कुणाला कळत नाही. गोळा घट्ट हवा, आणि नाकाशी धरून बघा, खवट वास आला तर जुना. मावशी सावंतवाडीहून पुढच्या आठवड्यात येतेय, तिच्याकडे असतील तर पाठवतो. माझ्या विपूत (विचारपुशीत) पत्ता टाका.

निशिगंध
मलाही दोन गोळे. पैसे आधी देते.

घाटावरचा
बायको म्हणते तिच्या क्रीममध्ये युरिया आहे. मी शेतकरी माणूस, मला वाटलं चेष्टा करतेय.